बंबात ओतायची बादली

शहरात, गारखेड्यात माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडक्या घट्ट बसतात, गिझर बटण दाबलं की तापतो, आणि घरात मी एकटी. त्यामुळे थंडीबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही. तरी यंदा कडाका पडला तशी शनिवारी ऑफिसातून निघाले ती थेट गावची, करमाडची बस धरली. मला घरच्या अंगणात, बंबापाशी बसायचं होतं.

आता तिथं बंब नव्हता. तो मीच अडगळीत घालवला होता. वडील, आमचे आबा, गेले त्या वर्षी आई पहाटेच्या धुरात डोळे चोळताना बघवेना, म्हणून मी गिझर घेऊन दिला, बसवणारा माणूसही मीच पाठवला. फार शहाणपणा केला असं तेव्हा वाटलं होतं.

आमचा बंब तांब्याचा, पोटात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळायचा. वरून गार पाणी ओतलं की तोटीतून कढत पाणी येई. घरचा कायदा एकच: जेवढं काढलं तेवढं ओतायचं. अंघोळ झाली की ओल्या केसांनी, दात वाजवत हौदातली एक बादली बंबात रिकामी करायची आणि मगच शेकायला बसायचं. सगळ्यात शेवटी नंबर आबांचा. शेतीची लाईट रात्रीची, त्यामुळे रात्रभर गव्हाला पाणी देऊन ते उजाडता यायचे, पाय पांढरेफटक पडलेले असायचे. आम्ही ओतलेलं पाणी तोवर तापलेलं असे, ते त्यांच्या अंगावर पडे.

एकदा मी ओतायचं चुकवलं. दहा वर्षांची असेन. आबांना जेमतेम अर्धी बादली मिळाली. ते एवढंच म्हणाले, "आज कुणाला लई थंडी वाजली गं?" मी शालीत तोंड लपवलं. मार बसला असता तर बरं वाटलं असतं. त्या प्रश्नाची लाज अजून जात नाही.

रविवारी सकाळी उठले तर अंगण रिकामं. भाऊ अंघोळ उरकून मोबाईल घेऊन आत, वहिनीही न्हाऊन ओट्याशी, आई तिच्या खोलीत पांघरुणात. गिझरनं सगळ्यांची सोय केली होती, आणि कुणाला कुणासाठी थांबायची गरज उरली नव्हती. मला माझाच राग आला.

तेवढ्यात लाईट गेली.

"आता तुम्हा दोघींच्या अंघोळीचं कसं?" वहिनी म्हणाली, आणि स्वतःच मागच्या छपरात जाऊन भांड्यांच्या मागून बंब ओढून आणला. भावानं पऱ्हाट्यांचा भारा टाकला. जाळ धरला तशी आई शाल लपेटून बाहेर आली आणि विचारलं नसताना सांगू लागली, "त्या अंगानं घाल. तिकडून वारं हाय." चौघं बंबाभोवती उकिडवे बसलो. धुरानं सगळ्यांचे डोळे वाहत होते आणि भाऊ लहानपणीसारखा मला चिडवत होता. ही माणसं माझी आहेत, या थंडीत मला यायला हे दार आहे, याचं मला फार बरं वाटलं. तिथून हलूच नये असं झालं.

आईनं अंघोळ केली, मग मी. केस पुसत बाहेर येऊन जाळापाशी बसले तर आई ओरडली, "शहरात जाऊन इसरली व्हय? वत की!"

मी हौदाकडे वळले आणि लाईट आली. आत फ्रीज घरघरला. भाऊ मोबाईल लावायला उठला, वहिनी मिक्सरकडे गेली. अंगणात आई आणि मीच उरलो. जाळही बसत आला होता. मी बादली भरली, बंबात रिकामी केली. मग लक्षात आलं, अंघोळीचं कुणीच राहिलं नव्हतं.

"आता कुणासाठी वतलंस?" आईच्याही तेव्हाच ध्यानात आलं असावं.

मी शेताकडच्या वाटेकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. मग उरलेल्या पऱ्हाट्या तिनं जाळात सारल्या.

"अजून एक वत," ती म्हणाली. "त्यांना दोन लागायच्या."