काटा बघणारं कोणी नव्हतं

मंडळी, आज वालीवजवळ आमची जुनी गाडी धूर सोडून बंदच पडली.

रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं. "काका, पानी संपलं, इंजिन तापून जाम झालं. काटा वर गेलेला दिसला नाय काय?"

दिसणार कसा? तो काटा शेजारच्या सीटवरून मालती बघायची. मी रस्ता बघायचा, तिने काटा, अशी आमची वाटणी. "अहो, थांबवा, तापतेय!" असं ओरडायची आणि मी चिडायचो. तिला जाऊन वर्ष झालं, तरी काट्याकडे बघायची सवय मला लागलीच नाही.

गॅरेजवाला म्हणाला, "एवढा खर्च एकट्यासाठी नका करू, रिक्षा बरी. घरची मानसं फिरनार असतील तर इंजिन खोलू. किती जन असता गाडीत?"

"दोघं," मी बोलून गेलो.

"मग करू या," तो म्हणाला. उद्या सकाळी खोलणार आहे.

चंदनसारला परतताना अख्खी रिक्षा केली, तरी मी एका कडेला सरकूनच बसलो होतो.

तुम्हीच सांगा, सकाळी फोन करून त्याला खरं सांगू, की दोघंच राहू देत?