वासेकर गुरुजींचा धर्म-नीतीचा तास

वासेकर गुरुजी गेल्याचं पोस्टकार्ड सिरोंच्याहून निघून माझ्या हाती पडलं ते आठव्या दिवशी. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तीनच ओळी लिहिल्या होत्या. त्रास झाला नाही, बसल्या बसल्या गेले, जमेल तेव्हा येऊन जा... मी ते कार्ड दिवसभर खिशात घेऊन फिरलो. घरी कुणाला सांगावंसं वाटेना. सांगितलं असतं तर आणखी एक गोष्ट सांगावी लागली असती, जी मी इतकी वर्षं एका गुरुजींखेरीज कुणाला सांगितली नव्हती.

चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. प्राथमिक शिक्षकांच्या ट्रेनिंगसाठी आम्ही खेड्यापाड्यांतून आलेले चाळीसेक जण होतो आणि आठवड्यातून एक तास ‘धर्म आणि नीती’ कशी शिकवावी याचा असे. तो वासेकर गुरुजी घेत. आम्हाला वाटलं, श्लोक पाठ करून घेतील. पहिल्याच दिवशी त्यांनी कागद वाटले आणि म्हणाले, “लहानपणी जो प्रश्न विचारला म्हणून मार खाल्ला, तो लिहा.” आधी एकमेकांच्या कागदात डोकावून झालं. मग कागदांची सळसळ सुरू झाली. मी लिहिलं होतं, आजी वारली तेव्हा देवाने नेली म्हणाले, पण गावात इतक्या आज्या असताना माझीच कोणती ते देवाला कसं कळलं? गुरुजींनी तो कागद दोनदा वाचला. “उत्तर काय भेटलं?” मी म्हटलं, थप्पड. ते हसले नाहीत. “वर्गात असा प्रश्न येईल तेव्हा तुमचा हात कुठी जाते, येवढंच मले वर्षभर पाहाचं आहे.”

माझा हात कुठे गेला, ते त्यांना लवकरच दिसलं. सरावपाठासाठी मला शहराच्या कडेची एक शाळा मिळाली. चौथीचा वर्ग, विषय ‘आपल्या घरातले देव’. पाठाचं टाचण मी रंगीत शाईने लिहिलं होतं. मुलं एकेक उठून सांगत होती, खंडोबा, मारुती, कुणाच्या घरी बाळकृष्ण. सुगंधा नावाची मुलगी उठली आणि म्हणाली, “आमच्या घरी नाई. बाबानं सारे देव नदीत सोडले.” त्या वर्षी तिच्या वस्तीने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, हे मला ठाऊक होतं. तरी वर्ग हसला तसा मीही हसलो आणि म्हणालो, “देव नाही असं घर असतं का? नीट आठव.” ती म्हणाली, “नाई.” मी म्हटलं, “मग बस खाली. ज्यांच्या घरी आहेत ते सांगतील.” ती बसली नाही. पाटी काखेत मारली आणि दारातून निघून गेली.

गुरुजींसोबत मागे बसून पाठ पाहणाऱ्या इतर दोन निरीक्षकांनी पाठाला ‘उत्तम’ शेरा दिला. गुरुजींनी लिहिलं, ‘एक विद्यार्थिनी पाठ सोडून गेली. का, ते छात्राध्यापकाने तिच्या घरी जाऊन विचारावे. तोवर पाठ अपूर्ण.’ मला संताप आला. तीन दिवस मी गेलो नाही आणि तीन दिवस सुगंधा शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी गुरुजी स्वतः चपला घालून माझ्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. “चाल.”

सुगंधाचे वडील लहानूभाऊ लाकडाच्या डेपोवर कामाला होते. त्यांनी आम्हाला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, ते आम्ही पितो की नाही हे पाहिलं आणि मग म्हणाले, “गुरुजी, आमी देव सोडले, पोरीची शाळा नाई सोडली. ते तुमी सोडवली.”

वासेकर गुरुजी म्हणाले, “हा चुकला भाऊ. याले शिकवणारा मी, म्हून मीबी चुकलो.” मग माझ्याकडे वळून, “माफी त्याईले नको मागू. तिले माग.” एवढ्याशा पोरीपुढे मी हात जोडले. तिने सरळच विचारलं, “उद्या मले काय विचारसान?” मी म्हटलं, “उद्या तूच मला विचार.” ती दुसऱ्या दिवशी आली. सगळ्यांसमोर तिने विचारलं, “तुमच्या देवाले माह्यं नाव माहीत आहे?” मला उत्तर आलं नाही. तसं मी सांगितलं आणि गुरुजींनी त्या दिवशी माझा पाठ पूर्ण झाल्याची सही केली.

आता ती कुणाला न सांगितलेली गोष्ट. वासेकर पोरांना नास्तिक करतात, अशी तक्रार वर गेली. चौकशीला आलेल्या साहेबांनी आम्हाला एकेकाला आत बोलावलं. मला विचारलं, “ते देव नाही असं शिकवतात का?” मला लहानूभाऊंच्या अंगणातलं सगळं सांगता आलं असतं. त्याऐवजी मी म्हणालो, “मला आठवत नाही.” नेमणुकीचा हुकूम निघायचा होता माझा. महिन्याभरात गुरुजींची बदली झाली, थेट जिल्ह्याच्या टोकाला, तेलुगू मुलखाला लागून असलेल्या सिरोंच्याला. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की चार महिने तिकडचं माणूस इकडे येत नसे. बाईंना ती बदली फार लागली. गुरुजींनीही वर्षभर कुणाला पत्र लिहिलं नाही.

बऱ्याच वर्षांनी आलापल्लीच्या बसस्टँडवर ते भेटले. मी घाईघाईने ती चौकशी काढली. त्यांनी ऐकून घेतलं. “वाईट तं वाटलं,” ते म्हणाले. “पण नोकरी नवी होती तुही.” नंतर तेलुगू शिकतोय म्हणून मोठ्या हौसेने सांगू लागले...

परवा सिरोंच्याला जाऊन आलो. नदीच्या बाजूची त्यांची खोली बाईंनी तशीच झाडूनपुसून ठेवली आहे. चारच्या सुमाराला दारात चपलांचा आवाज झाला आणि मासेमारांची पाच-सहा मुलं आत येऊन भिंतीशी ओळीत बसली. “हे रोजचं आहे,” बाई म्हणाल्या. “गेले, ते माहीत आहे त्याईले. तरी येतेत. मी काऊन नाई म्हणू?” त्यांनी मुलांना मुरमुरे दिले आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, हेबी गुरुजी आहेत. एका मुलीने मला नीट निरखलं. मग तिच्या तेलुगू वळणाच्या मराठीत विचारलं, “मासोळीले देव असते का? असंल तं जाळ्यातून सोडवत काऊन नाई?”

बाई पदराने हात पुसत दाराशी थांबल्या. मुलं मुरमुरे खायची थांबली. मी चहाची कपबशी बाजूला ठेवली, खुर्चीवरून उतरून त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि विचार करू लागलो.