तोर्निएरींच्या तळघरातली आर्जेने

तोर्निएरींच्या मळ्यावर आर्जेनेला सगळे वचकून असत. तिच्या बापाने त्या घराण्यासाठी जन्मभर लाकडी पिंपं बांधली, आणि नवरा ओरेस्ते तिथलं वाइनचं तळघर सांभाळायचा. रस आंबायला लागला की द्राक्षांचा चोथा वर येतो. तो लांब दांड्याने पुन्हा खाली दाबायचं काम बाप्यांचं, पण आमच्याकडे ते आर्जेनेच करायची. तिचे दंड बघून बायका ओरेस्तेला म्हणायच्या, "घरात जपून बोलत जा रे बाबा."

त्या वर्षी आम्ही कुळांनी पिकातल्या वाढीव वाट्यासाठी तोडणी अडवून धरली. मालकांशी बोलायला ओरेस्तेच पुढे झाला होता. मालक नमले, द्राक्षं उतरली, रस कुंडात पडला. आम्हाला वाटलं, मिटलं सगळं.

मग एका दुपारी काळ्या सदऱ्यांतल्या फॅसिस्टांचा ट्रक अंगणात शिरला. फ्लोरेन्सची पोरं होती, हातात सोटे. त्यांच्या पुढे मालकांचा धाकटा, लापो. कालपरवापर्यंत आर्जेनेच्या हातची सूपभाकरी खाल्लेला पोरगा.

"काय ओरेस्ते, पुढारी झालास म्हणे?"

"धाकटे मालक, तुमच्या वडलांनी शब्द दिलाय."

"मी नाही दिलेला."

त्यांनी त्याला गुडघ्यावर पाडलं, नाक दाबून एरंडेल पाजलं आणि उजवा हात चरकाच्या दगडावर धरला. बोटं मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. ओरेस्ते ओरडायचा थांबला तरी सोटा थांबेना. आमच्यापैकी कुणीही पुढे सरकलं नाही. ट्रकवर बंदुका होत्या.

ओरडणं आर्जेनेला खाली तळघरात ऐकू गेलं. ती दांडा घेऊन वर निघाली, तोच लापो पिस्तूल घेऊन जिना उतरला. बाकीचे अंगणातच होते. दारातून मला दोघं दिसत होती.

"हो बाजूला, आर्जेने. सगळी पिंपं फोडतो. जमिनीवरची वाइन चाटा म्हणावं कुळांना."

"पिंपं माझ्या बापाची आहेत."

"आणि जमीन माझ्या बापाची!" त्याने पहिल्या पिंपात गोळी घातली. लाल धार थेट तिच्या छातीवर आली.

तिने दांडा फिरवला तो त्याच्या कानशिलावर बसला. पिस्तूल उडालं. तो झोकांड्या खात मागे गेला आणि जमिनीत बांधलेल्या कुंडात पाठीवर कोसळला. आंबत्या रसावर विषारी वाफ असते, तिथे दोन श्वासांत माणसाची शुद्ध हरपते. लापोने काठ धरला. आर्जेनेने दांडा त्याच्या खांद्यावर टेकवला आणि रोज चोथा दाबायची तसा दाबला. तो खाली गेला. वर आला. तिने पुन्हा दाबला.

"आर्जेने!" मी ओरडलो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग दांडा टाकला, श्वास रोखून वाकली आणि त्याला केसांना धरून काठावर ओढून काढलं. तो काळानिळा पडला होता, पण खोकत होता.

गोळीच्या आवाजाने धावत आलेल्यांनी तिला जिन्यावर गाठलं. पाडून लाथा घातल्या. जबडा तुटला, एक कान कायमचा गेला.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "दया आली म्हणून त्याला बाहेर काढलंस ना?" वकिलाने तिला आधीच पढवलं होतं, हो म्हण, शिक्षा कमी होईल. वाकड्या जबड्याने ती म्हणाली, "प्रेत पडलं असतं तर कुंडच्या कुंड ओतून द्यावं लागलं असतं. वर्षाची मेहनत होती साहेब."

तिला तुरुंग झाला, लापोला काहीच नाही. त्याची छाती मात्र पुन्हा धड झाली नाही. जिना चढतानाही धापा टाकायचा.

ती सुटली तेव्हा लापोचे वडील, थोरले मालक, स्वतः तुरुंगाच्या दारात गाडी घेऊन उभे होते. "चल घरी. तळघर ओस पडलंय गं. कुणाला जमत नाही."

"मालक, पुढच्या खेपेला मी त्याला बाहेर काढणार नाही," ती म्हणाली आणि त्यांच्या गाडीला वळसा घालून पुढे गेली. पलीकडे ओरेस्ते गाढवगाडी घेऊन थांबला होता, लगाम डाव्या हातात. दोघं नदीपलीकडच्या एका विधवेच्या लहानशा मळ्यावर राहिली. म्हातारी होईपर्यंत तिथली वाइन आर्जेनेनेच केली.