पंखातलं वजन

"विमान उडतंय म्हणजे ते नीट बांधलंय असं नसतं, अजून पडलेलं नाही एवढंच."

हे तो म्हणाला तेव्हा समोर स्क्रीनवर कुणीतरी हौसेने बांधलेलं पिवळं विमान ढगांवरून सुखाने चाललं होतं. थोड्याच वेळात त्याचं शेपूट निखळलं. त्याला वाईट वाटलं नाही, आनंदही झाला नाही. खुर्चीत जरा सैलावून बसला, एवढंच.

आम्ही त्याला भिंग म्हणायचो. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तो काचा घासायचा, फ्रेममध्ये बसवायचा. पुढच्या काउंटरवर मालक त्याला उभं करत नसे. नवा चष्मा लावून गिऱ्हाईक 'छान दिसतंय' म्हणालं की हा विचारायचा, 'खरं सांगताय की घाई आहे?' माझं कंप्यूटर दुरुस्तीचं दुकान त्याच रस्त्यावर, त्यामुळे काम सुटल्यावर तो माझ्याकडे डोकावायचा. आत येण्याआधी दारातून एकदा सगळ्या कोपऱ्यांवर नजर फिरवायचा.

ज्या गेममुळे आमची ओळख झाली त्यात विमानं तयार मिळत नाहीत. रिकाम्या शेडमध्ये तुकड्याला तुकडा जोडून ती बांधावी लागतात. बांधून झालं की माणूस आपलं विमान ग्रुपवर ठेवतो. कुणीही ते उघडावं, उडवावं आणि काय वाटलं ते लिहावं. नियम एकच: आधी उतरवा, मग बोला. दुसऱ्याचं विमान स्वतः उडवून धावपट्टीवर धडपणे उतरवल्याशिवाय त्याच्याबद्दल अक्षर लिहायचं नाही. हा नियम भिंगाइतका काटेकोरपणे कुणीच पाळत नसे. त्याचा अभिप्राय आला की बांधणारा तो उघडायचं टाळायचा. नाक जड आहे, चाकं पुढे गेलीत, आणि पंख कुणाकडून तरी उचललेत. हे शेवटचं तो सहसा विसरत नसे.

त्याचं स्वतःचं विमान मात्र ग्रुपमध्ये कुणीही पाहिलेलं नव्हतं. कित्येक वर्षं तो एक ग्लायडर बांधत होता. ग्रुपवर ठेव म्हटलं की म्हणायचा, ठेवलं की आठवड्यात दहा जणांकडे माझेच पंख दिसतील. घर लहान. त्याची खुर्ची खिडकीशी, पाठीमागे बायकोचं शिलाई मशीन. ती पडद्यांच्या दुकानात शिवायची आणि उरलेलं काम घरी आणायची. तो बांधत बसायचा, ती मागे मशीन चालवायची. तिला त्यातलं काही कळत नाही, असं तो सांगायचा. जगात ज्याच्यावर त्याने कधी संशय घेतला नाही असं ते एकच माणूस होतं, आणि त्याचं कारण हे असं होतं.

मग ग्रुपमध्ये उंबरठा नावाचं कुणीतरी आलं. कोण, कुठलं, कुणाला माहीत नाही. बोलायचं कमी, लिहायचं त्याहून कमी. आल्यावर काही दिवसांनी या उंबरठ्याने एक विमान ठेवलं. लांब पंखांचं, संथ, राखाडी. खाली एकच ओळ होती: भिंग यांचं मत हवं आहे.

भिंगाच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. माझंच का?

त्याने ते उडवलं नाही. आधी उघडलं. एकेक पत्रा बाजूला करत गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आला तो आतून कडी लावून बसला. गिऱ्हाईक बाहेरून काच ठोठावत होतं, त्याला म्हणाला नंतर या.

ग्लायडर बांधायला घेतला तेव्हा, त्याने मला सांगितलं, पहिलाच तुकडा, म्हणजे चालकाची बैठक, त्याने अंदाजाने ठेवली होती आणि ती केसभर डावीकडे गेली होती. हे लक्षात येईपर्यंत सगळं विमान तिच्याभोवती उभं राहिलं होतं. मोडायचं त्याच्या जिवावर आलं. मग तोल सांभाळायला त्याने उजव्या पंखाच्या टोकात, आतल्या बाजूला, एक छोटं वजन लपवलं. जगात दुसरं कुणी तिथे वजन ठेवणार नाही, कारण ती चूक दुसऱ्या कुणाची नाही.

"आणि या उंबरठ्याच्या पंखात तेच वजन आहे. त्याच टोकाला. बैठक मात्र बरोबर मध्यावर. म्हणजे बघ, चोराला चोरलेलं कळलंसुद्धा नाही."

त्याच संध्याकाळी त्याने ग्रुपवर लिहिलं की हा माल चोरीचा आहे. उंबरठ्याने विचारलं, उतरवून पाहिलंत का? भिंगाने उत्तर दिलं, चोरीची विमानं मी उडवत नाही. नियम मोडला हे सगळ्यांना दिसलं, पण बोलायची कुणाची छाती झाली नाही. अशा भांडणासाठी आमच्याकडे एक रीत होती. ज्याच्यावर आरोप आहे त्याने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, रिकाम्या शेडपासून, तेच विमान पुन्हा बांधून दाखवायचं. जमलं तर आरोप मागे. नाही जमलं तर त्याची सगळी विमानं पुसून टाकायची आणि त्याला रामराम. उंबरठ्याने लगेच होकार दिला. रविवारची दुपार ठरली.

तोवर भिंगाने घर पोखरून काढलं. ग्लायडर त्या एका कंप्यूटरवर होता, म्हणजे चोर उंबऱ्याच्या आतला. पासवर्ड बदलला. कामाला जाताना बायकोच्या शिलाईच्या डब्यातला काळा दोरा काढून कीबोर्डवर आडवा टाकून जायचा. दोरा रोज जागच्या जागी सापडायचा, आणि त्यामुळेच त्याचा संशय बळावला. इतका नीट कसा राहतो, म्हणे.

शेवटी सुई मेहुण्यावर येऊन थांबली. बायकोचा धाकटा भाऊ, चौकापलीकडे फोन दुरुस्त करतो, दर आठवड्याला बहिणीकडे जेवायला येतो. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. भिंगाने त्याला दारातच उभं करून विचारलं. तो हसला. "भावोजी, विमान चोरलं असतं तर बसने आलो असतो का?"

भिंगाला हसू आलं नाही. सगळं उघड होईपर्यंत या घरात पाऊल टाकू नकोस, असं त्याने सांगितलं. मेहुणा हातातली पिशवी उंबऱ्यावर ठेवून निघून गेला, आणि मग खरंच आला नाही. बहिणीचे फोनही घेईना. बायको दोन दिवस मशीनवर बसली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, रविवारी खोटे ठरलात तर माझ्या भावाला स्वतः जाऊन आणाल का? आणीन, तो म्हणाला. हातापाया पडून आणीन. मग तिने विचारलं, रविवारी बघणार कुठे बसून?

हे सांगताना तो माझ्याकडे रोखून पाहत होता. "ती असं का विचारते? भावाला कळवायला, दुसरं काय."

म्हणून रविवारी तो माझ्या दुकानात येऊन बसला. घरच्या कंप्यूटरचा भरवसा नाही, असं म्हणाला. माझ्या कंप्यूटरच्या मागच्या वायरीही त्याने एकदा वाकून तपासल्या. बायको सकाळीच पडद्यांच्या दुकानात गेली होती, मोठी ऑर्डर आहे म्हणून.

स्क्रीनवर रिकामी शेड उघडली. सगळा ग्रुप बघत होता. उंबरठ्याने बैठक ठेवली, मध्यावर. मग कणा, मग पंख. हात सावकाश चालत होता, पण अडखळत नव्हता. एक पत्रा लावायचा, जरा लांब जाऊन बघायचं, पुन्हा जवळ यायचं. भिंग स्क्रीनला नाक लावून बसला होता. पाठ केलंय, म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, कुणीतरी शेजारी बसून सांगतंय. मग त्याने बोलणं बंद केलं.

उजव्या पंखाच्या टोकापाशी हात थांबला. वजन आलं आणि आत गेलं. भिंगाने तत्काळ लिहिलं: हे वजन इथे का? सगळ्यांना सांगा.

मग पलीकडून पहिल्यांदाच माइक सुरू झाला. मागे कुणीतरी कापड फाडत असल्याचा आवाज होता.

"पडदा ज्या कडेने ओढतात," बाईचा आवाज म्हणाला, "त्या कोपऱ्यात खाली वजन शिवतात. नाहीतर कड उडत राहते, पडदा सरळ पडत नाही. पंखालाही तसंच लागत असेल असं वाटलं. तुम्ही घालताना मागून पाहिलं होतं. बाकी सगळं इथे, दुकानाच्या कंप्यूटरवर, दुपारी काम नसतं तेव्हा शिकले."

भिंगाचा हात माउसवर तसाच होता.

"परक्यांच्या विमानापुढे तुम्ही तासन् तास बसता," ती म्हणाली. "म्हटलं, आपणही परकं होऊन बघावं."

ग्रुपमधल्या एकाने विचारलं, आरोप मागे घ्यायचा ना? भिंगाने कीबोर्ड जवळ ओढला. तेव्हा तीच म्हणाली, "आधी उतरवा. मग बोला."

त्याने ते राखाडी विमान धावपट्टीवर घेतलं. उचललं तसं ते उजवीकडे कलायला लागलं, कलणारच होतं, त्या वजनाला तोलणारी चूक त्यात नव्हती. तो सबंध वेळ त्याला डावीकडे धरून होता. दोन्ही हात ताठ, जबडा आवळलेला, जणू हातून सुटलं तर खाली माणसं आहेत. डोंगराला वळसा घालून आणलं, खाली घेतलं. चाकं टेकली, एकदा उसळली आणि थांबली.

स्क्रीनवर अभिप्रायाची चौकट उघडली. आता त्याला बोलायचा हक्क होता, आणि पलीकडे माइक अजून चालू होता. कापड फाडण्याचा आवाज थांबला होता.

तो चौकटीकडे पाहत राहिला. मग उठला, खुर्ची आत सरकवली, कडी काढली आणि बाहेर पडला. घराची वाट डावीकडे जाते. तो चौकाकडे गेला.