बिरिबो मंत्र्याची कुलपाची पेटी

नऊ वर्षं मंत्रिपद भोगून बिरिबो गावी परतला तेव्हा त्याच्याकडे एक गाठोडं आणि एक लोखंडी पेटी होती. गाठोडं त्याने कुणालाही उचलू दिलं. पेटी मात्र स्वतः छातीशी धरली आणि पट्टी बांधलेला पाय ओढत, गुडघाभर पाण्यातून किनाऱ्यावर आणली. पेटीला पितळी कुलूप होतं. किल्ली त्याच्या गळ्यात क्रुसाशेजारी लोंबत होती. गावाने ते पाहिलं आणि जो तो मनात म्हणाला, कुठेतरी पाणी मुरतंय.

आमच्या बेटावर कुलूप असतं ते फक्त पाद्रीबाबांच्या दानपेटीला. बाकी कुणी काही लपवत नाही, कारण लपवून उपयोग नाही. नातेवाईक येऊन 'हे मला दे' म्हणाला की द्यायचं. याला बुबुती म्हणतात. बुबुतीला नाही म्हणणारा माणूस मी तरी तोवर पाहिला नव्हता. आणि इथे ज्याच्याशी आपलं नातं नाही असा माणूस शोधायचा तर समुद्रातच उतरावं लागेल.

बिरिबोची थोरली बहीण बेरेता. गावाला संशय यायच्या आधी तिला आला होता, आणि तो सहा वर्षं जुना होता. बिरिबो मुळात शाळामास्तर. आवाज न चढवता बोलतो एवढ्या एका गुणावर गावाने त्याला निवडून राजधानीत, तारावाला पाठवलं आणि तिथे त्याला मासळीचं खातं मिळालं. शपथविधीला निघाला तेव्हा आईने त्याला केवड्याच्या पानांची चटई दिली. तोवर आईची नजर गेली होती. वर्षभर नुसत्या बोटांनी चाचपत तिने ती विणली होती, आणि ती तिची शेवटची चटई ठरली. तीन वर्षांनी आई गेली. तिला त्याच चटईत गुंडाळावं असं बेरेताने म्हणताच बिरिबो सगळ्यांसमोर खाली मान घालून म्हणाला, "चटई आता नाहीये, ताई."

नाहीये म्हणजे कुठे गेली, हे त्याने सांगितलं नाही. बेरेताने ताडलं ते इतकंच की कुणा परदेशी साहेबाला विकली असणार. आईचं विणकाम ज्याने विकलं, त्याने समुद्र विकला नसेल कशावरून? तेव्हापासून परक्या देशाची मोठी बोट क्षितिजावर दिसली की तिला मासेमारीच्या परवान्यावरची भावाची सही आठवायची. रेडिओवर त्याचं नाव आलं की ती शिवणयंत्र जोरात चालवायची, ऐकू येऊ नये म्हणून.

तिसऱ्या निवडणुकीत बिरिबो पडला. पाडला आम्हीच.

तो परतला त्याच आठवड्यात म्हातारा तेकाई सायकलवरून बेरेताकडे आला. तेकाई तिच्या आईचा चुलतभाऊ, आणि गावच्या मानेआबात, म्हणजे सभागृहात, सगळ्यात वडीलधारा. मानेआबात ज्याची त्याची जागा ठरलेली असते. आपल्या घराण्याच्या खांबापाशीच बसायचं. ती जागा गेली की माणूस जिवंत असून नसल्यासारखा. ताडी पिऊन झाल्यावर तेकाईने पंचांचं म्हणणं सांगितलं. मंत्री होऊन कुणी रिकाम्या हाताने परततो का? परदेशात, सुवाला घर आहे म्हणतात. बिरिबोने पेटी उघडून दाखवावी, नाहीतर खांब सोडावा.

"मग तुम्हीच मागा ना पेटी," बेरेता म्हणाली.

तेकाई हसला. मागितली आणि आत फाटके कपडे निघाले, तर शोभा मागणाऱ्याचीच व्हायची. "तू बहीण आहेस," तो म्हणाला. "तुझं मागणं शोभून दिसेल. आणि तुलाही बघायचंच आहे की."

ते खोटं नव्हतं. बेरेताने हो म्हटलं.

रविवारी प्रार्थनेनंतर मानेआबा भरला. बिरिबो खांबापाशी पाय लांब करून बसला होता. गोड लघवीच्या आजाराने त्याच्या पायाची दोन बोटं गेली होती आणि पट्टी ओली दिसत होती. बेरेता उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला भावाकडे बघवेना.

"बिरिबो, मी बुबुती करते. ती पेटी मला दे."

बिरिबोने गळ्यातली किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. दोन पोरींनी घरून पेटी आणली. बेरेताने कुलूप उघडलं. अख्खा गाव माना उंचावून बसला होता. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही आमची जुनी खोड.

आत आईची चटई होती. दुसरं काही नव्हतं.

बेरेताने कड चाचपली. एका कोपऱ्यात वीण चुकली होती. आईने ती तशीच पुढे नेली होती, कारण तिला ती दिसलीच नव्हती.

"खोटं का बोललास?" बेरेताने विचारलं.

"आहे म्हटलं असतं तर कुणीतरी मागितली असती," बिरिबो म्हणाला. "बाकी सगळं दिलं, ताई. मला पुराल तेव्हा गुंडाळायला एवढी एक गोष्ट ठेवली होती. आता तुझी झाली."

तेवढ्यात तेकाईने घसा साफ केला. "चटई झकास आहे," तो म्हणाला. "बेरेता, मी बुबुती करतो. मला दे."

रीतच तशी होती. बेरेताने चटईची गुंडाळी करून काखेत धरली.

"नाही," ती म्हणाली.

म्हाताऱ्यांना ऐकू आलं नाही असं वाटून ती पुन्हा बोलली. "नाही देत, मामा. तुम्ही आलात ती सायकल बिरिबोची. पंच ज्यावर बातम्या ऐकतात तो रेडिओ त्याचा. तुमच्या जावयाच्या होडीचं इंजिन त्याचं, आणि माझं शिवणयंत्रसुद्धा त्याचंच. पहिल्या वर्षीच मागून घेतलं मी. सुवाचं घर कशाला शोधता? ते इथेच आहे, आपापल्या घरी जाऊन बघा."

मग ती खाली वाकली आणि चटई भावाच्या मांडीवर ठेवली.

बिरिबोचा खांब शाबूत राहिला. गेली ती बेरेताची जागा. भर मानेआबात बुबुतीला नकार दिलेल्या बाईला कोण शेजारी बसवून घेणार? त्या दिवसापासून ती बाहेर, छपराच्या वळचणीला बसू लागली. गावाने संध्याकाळपर्यंत नवा शोध लावला. नाही म्हणायची छाती होते ती कुणाची? घबाड जिच्याकडे पुरलंय तिचीच. तिच्या शेताच्या खड्ड्यांतून कुणीतरी बाबाईचे, म्हणजे आमच्या अळूचे, कंद उपटून पाहिले. खाली काय आहे ते बघायला.

सात महिन्यांनी बिरिबो गेला. बेरेताने त्याला आईच्या चटईत गुंडाळलं. चुकलेली वीण तिने छातीवर येईल अशी ठेवली आणि मग मोकळेपणाने रडली. मातीहून परतताना तेकाई तिच्या बरोबरीने चालू लागला आणि खाकरून म्हणाला की ती पेटी आता रिकामीच आहे, तर बुबुती करतो.

या खेपेला बेरेताने नाही म्हटलं नाही. घरून पेटी आणून दिली आणि वर किल्लीही दिली.

तीन दिवस तेकाईच्या घरातून पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता. म्हातारा पेटीला दुसरा तळ आहे का ते शोधत होता.