गाठोड्यासकट

"ये, गाठोड्यासकट ये."

बेबीताई हे वाक्य म्हणायची ते हाक मारल्यासारखं नव्हे, भांडण काढल्यासारखं. आर्णीच्या बसस्टँडवर, बाजाराच्या टिनाच्या शेडखाली, जिथं कुठं एखादं माणूस आपलं सारं घर एका फडक्यात बांधून भिंतीला टेकलेलं दिसे, तिथं ती उभी राही. नाव विचारत नसे, गाव विचारत नसे. कमरेवर हात ठेवून एवढंच म्हणे आणि वळून चालू लागे. मागं कोणी येतंय की नाही, हेही पाहत नसे.

लखीरामनं ते पहिल्यांदा ऐकलं, त्याला आता तीन हिवाळे झाले. तेव्हा त्याला राग आला होता. बोलावणी त्याला काही कमी आली नव्हती. लग्नाच्या मांडवात जेवायला बोलावलं होतं, दवाखान्यात बोलावलं होतं, एका सभेत तर रिकाम्या खुर्च्या भरायलाही बोलावलं होतं. पण प्रत्येक दारात कोणी ना कोणी बोट दाखवायचं, की ते गाठोडं तिकडं ठेव. लखीरामचा पाय तिथूनच मागं फिरायचा. आणि ही बाई म्हणत होती, त्याच्यासकट.

"कुठं येऊ?" त्यानं विचारलं होतं.

"चर्चच्या ओसरीत. दर गुरुवारी आन दर इतवारी. आधी खिचडी खाय. मंग मी शास्त्र वाचीन. ऐकावं वाटलं त ऐक, नाही त जाय."

"मी तांड्यावरचा मानूस, बाई. मले तुमच्या देवाचं काय?"

"तुहा देव इथं ठेवून ये, असं कोन म्हनते? त्यालेही घे गाठोड्यात."

या उत्तरावर लखीराम हसला होता. फार दिवसांनी हसला होता, म्हणून गालाला ताण पडल्यासारखं झालं. तो उठला आणि लंगडत तिच्या मागं गेला.

लखीरामच्या गाठोड्यात काय आहे, हे आर्णीत कोणालाच ठाऊक नव्हतं. वीटभट्ट्यांवर बारा वर्षं काढून तो तांड्यावर परतला, तेव्हा त्याच्या झोपडीच्या जागी दुसऱ्याचा गोठा उभा होता, आणि बायको गंगी भट्टीवरच मातीत गेली होती. गंगीचा फेटिया तेवढा त्यानं परत आणला. आरशांचे तुकडे टाचलेला, तिनं स्वतःच्या हातानं भरलेला जड घागरा. दिवसा तो पाठीशी असे, झोपताना डोक्याखाली. आरसे कानाला टोचत. टोचू द्यायचा.

बेबीताई बाजारात बारदाना, म्हणजे धान्याची पोती, शिवायची. पन्नाशी उलटलेली, काटक बाई. सुतळीनं बोटांना चरे पडलेले, हातात कायम दाभण. शाळा चौथीपर्यंत. शास्त्र वाचताना ती त्याच दाभणाचं टोक ओळीखाली धरी आणि शब्दाशब्दाला थांबत पुढं सरके, नवी वाट तुडवणाऱ्या माणसासारखी. एक ओळ झाली की डोकं वर करून तीच ओळ आपल्या बोलीत सांगे. वाचून संपलं की कोणाचं ना कोणाचं फाटलेलं गाठोडं मांडीवर घेई आणि शिवता शिवता प्रश्न विचारी. शिवताना आत काय आहे ते ती बघत नसे. फाटलेलं तेवढं बघे. ओसरीतल्या नऊ जणांपैकी आठ जणांची गाठोडी तिच्या टाक्यांनी सांधलेली होती. लखीरामनं आपलं कधी दिलं नाही. तिनं कधी मागितलंही नाही.

ओसरी म्हणजे चर्चबाहेर चपला काढायची जागा. आत बाकं होती, पंखे होते, यंदा नव्या फरश्याही बसल्या होत्या. तरी अकरा वर्षांत बेबीताई उंबरा ओलांडून आत गेली नव्हती. उपासना चाले आत, आणि ही चपलांजवळ बसून गाणी म्हणे. गर्व असेल, असं लखीरामला वाटे. असू दे. गर्व करायला एवढी एक बाई तरी आहे, असंही वाटे.

एका गुरुवारी तिनं लकव्याच्या माणसाची गोष्ट काढली. घरात गर्दी, दारातून वाट मिळेना, म्हणून चौघा सोबत्यांनी छत उकललं आणि दुखणाईताला बाजेसकट येशूपुढं खाली सोडलं. दाभणाचं टोक पुढं सरकलं. येशूनं त्याला सांगितलं, ऊठ, आपली बाज उचल आणि घरी जा.

"थांब, याडी," लखीराम म्हणाला. बंजाऱ्यांच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई. बेबीताई त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, पण खिचडी वाढणाऱ्या बाईला तो दुसरं काही म्हणूच शकत नव्हता. "आत्ता उठलेला मानूस. पायात ताकद नाही. त्याले बाज कायले उचलाले लावली?"

"तूच सांग, शहान्या," बसस्टँडवर झोपणारी म्हातारी अंजूबाई म्हणाली. "तुलेच लय समजते."

"सांगतो ना. तिथंच टाकून गेला असता, त कोनी ना कोनी नेली असती. उद्या निजला कशावर असता? येशूले हे माहीत होतं. तो बी उघड्यावर राह्यलेला असन."

अंजूबाईला हसता हसता ठसका लागला. बाकीचेही हसले. बेबीताई मात्र हसली नाही. दाभण ओळीखाली तसंच थांबलं होतं.

"लहानपनापासून ऐकून राह्यली मी ही गोष्ट," ती हळू आवाजात म्हणाली. "पाच पाळक झाले. एकानंही असं नाही सांगतलं."

मग तिनं पुस्तक पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलं. त्या दिवशी तिनं पुढं काही वाचलं नाही.

पुढच्या गुरुवारी वामनराव आले. वामनराव पेन्शनीतले हेडमास्तर, चर्चच्या मंडळीचे मोठे पंच. माणूस वाईट नव्हता. खिचडीच्या तांदळाला त्यांचाही हातभार असे. पण त्यांच्या हातात मोजमापाची टेप होती, आणि बोलता बोलता ते ओसरीची रुंदी मोजत होते.

"बेबीताई, ऐका जरा. या गाठोड्यांमुळं बाकांत ढेकूण झाले. लोक तक्रार करतात. पंचांचा ठराव झालाय. सोमवारी ओसरीला लोखंडी जाळी लागते."

"मंग हे कुठं बसतीन?"

"आत बसावं ना! आम्ही कधी नाही म्हटलं? दार सगळ्यांना उघडं आहे. फक्त ती गाठोडी बाहेर राहू द्या."

"बाहेर म्हंजे कुठं? ओसरी त तुम्ही बंद करून राह्यले."

"रस्त्याच्या कडेला. कोण नेणार हो त्या चिंध्या?"

बेबीताईचं दाभण शिवता शिवता बोटात गेलं. तिनं बोट तोंडात धरलं आणि वामनरावांकडं पाहत राहिली, इतका वेळ की त्यांची टेप हातातून सुटून सर्रकन आपल्या डबीत शिरली.

"इतवारी सण हाये ना?" तिनं विचारलं.

"आहे तर. हंगामाचा."

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

हंगामाच्या सणाला मंडळीतली माणसं शेतातलं पहिलं पीक घेऊन चर्चमध्ये येतात. त्या रविवारी सकाळी थंडी चांगलीच होती. ओसरीत नऊ जण आपापली गाठोडी मांडीवर घेऊन बसले होते. उद्या इथं जाळी. त्यांच्यासमोरून सण आत जात होता. सोयाबीनचं अर्धं पोतं गेलं. तुरीच्या हिरव्या शेंगा गेल्या, भोपळे गेले, पाय बांधलेली एक कोंबडी ओरडत गेली. मग एक बाई कापूस घेऊन आली. पलंगाच्या चादरीत बांधलेलं गाठोडं, लखीरामच्या चौपट, दाराच्या चौकटीत मावेना. वामनरावांनी स्वतः पुढं होऊन दाराचा दुसरा पल्ला उघडला.

"या, या, असंच पुढं न्या!"

बेबीताई उठली. दाभण तिनं अंबाड्यात खोचलं, पदराची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली.

"लखीरामभौ," ती म्हणाली, "तुहं दे."

लखीरामचे दोन्ही हात आपोआप गाठोड्याभोवती आवळले. तीन हिवाळ्यांत तिनं कधी मागितलं नव्हतं. आज मागितलं, तेही आठ सोडून त्याचंच.

"उघडशील?" त्यानं विचारलं.

"नाही."

"ठेवून येशील?"

"तुह्या हातीच देईन. पन आत जाऊन येईन."

तो तिच्या चेहऱ्याकडं पाहत राहिला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला, आणि गंगीचं गाठोडं त्यानं तिच्या डोक्यावर ठेवलं. आतले आरसे एकमेकांवर वाजले. पाठ हलकी झाली, तसा त्याला तोल सांभाळता येईना. त्यानं खांब धरला.

वामनराव दारात आडवे झाले.

"हे काय, ताई? कापूस आहे का?"

"नाही."

"मग काय आहे त्यात?"

"मले नाही माहीत. मघापासून इतकी गाठोडी आत गेली, तुम्ही कोनाचं सोडून पाह्यलं?"

"तसं नाही हो. आज सणाचा दिवस, भांडण कशाला? ठेवा इथं बाहेर. मी आहे ना, लक्ष ठेवतो."

"अकरा वर्षांआधी बी असंच म्हनलं होतं मले कोनी. मालक वारले तवा बाभुळगाववरून आली मी, एक गाठोडं घेऊन. नऊ दिवस बाजाराच्या शेडखाली निजली. दहाव्या दिवशी इतवार होता, म्हून इथं आली. दारातला मानूस म्हने, ताई, ठेवा बाहेर, मी आहे ना. ठेवलं. आमेन म्हनून बाहेर आली, त गाठोडं नाही."

"अरेरे. आत होतं काय?"

"दोन लुगडी. आन मालकाचा फोटो. एकच होता. आता डोये मिटले तरी त्याचं नाक आठवत नाही मले. डोये आठवतात, मिशी आठवते, नाक नाही आठवत."

आत गाणं सुरू झालं होतं.

"कोण होता तो दारातला?" वामनरावांनी विचारलं.

"तुम्हीच होते, गुरुजी."

लखीरामनं खांबाला धरून सगळं ऐकलं. म्हणजे गर्व नव्हता. ही बाई अकरा वर्षं चपलांजवळ बसली ती राखण करायला.

"मला आठवत नाही," वामनराव म्हणाले. खोटं बोलत नव्हते ते. आठवत नव्हतंच.

"तुम्हाले कायले आठवीन? तुमचं काय गेलं?" बेबीताईचा आवाज चढला, पण डोक्यावरचं गाठोडं हललं नाही. "त्या लकव्याच्या मानसाले येशूनं म्हनलं, आपली बाज उचल. टाक रस्त्यावर, कोन नेते तुह्या चिंध्या, असं म्हनलं का? सांगा, शास्त्रात असन त दाखवा. मी इथूनच परत जाईन."

वामनरावांना शास्त्र सगळं पाठ होतं. तरी ते बाजूला झाले नाहीत. बाजूला झाली ती बेबीताई. चादरीतल्या कापसासाठी त्यांनीच उघडलेल्या दुसऱ्या पल्ल्यातून ती आत शिरली.

लखीराम उंबऱ्यापर्यंत आला. बाकांच्या मधून ती चालली होती, अनवाणी, मान ताठ. गाणं एकेका बाकावर बंद पडत गेलं. पुढं मेजापाशी कापूस, तूर, भोपळे मांडलेले होते, आणि तरुण पाळकसाहेब हातात गाण्याचं पुस्तक धरून उभे होते.

"हे अर्पण आहे का, ताई?"

"नाही, साहेब. पाहुनं हाये. बसाले जागा द्या."

पाळकसाहेबांनी वामनरावांकडं पाहिलं, मग तिच्याकडं. पहिल्या बाकावरचे दोघे न सांगता सरकले. तिनं गाठोडं बाकावर ठेवलं आणि त्याला लागून स्वतः बसली.

"चाला रे," मागून अंजूबाई म्हणाली, "पाहुनचार थंडा होईन." आणि ती आपलं बोचकं काखोटीला मारून आत गेली. तिच्या मागं बाकीचे गेले. कोणी त्यांना अडवलं नाही, कोणी या-बसाही म्हटलं नाही. कोंबडी ओरडली. पाळकसाहेबांनी खाकरून गाणं पहिल्यापासून सुरू केलं. लखीराम सगळ्यांत शेवटी गेला आणि भिंतीला टेकून बसला. तिथून त्याला पहिल्या बाकावरचं आपलं गाठोडं दिसत होतं.

उपासना सुटली. वामनराव दारातच थांबले होते.

"ताई, ठराव ठरावच राहील. उद्या जाळी लागणार."

"लावा. मजबूत लावा." तिनं चपला पायात सरकवल्या. गाठोडं अजून तिच्या डोक्यावरच होतं. "गुरुवारी आम्ही शेडखाली बसू. आन दर इतवारी मी इथं येईन. दर इतवारी एकाचं डोक्यावर घेऊन येईन. नऊ हायेत. नऊ संपले की पुन्हा पह्यल्यापासून. पाहू कोन थकते."

"पंच ऐकणार नाहीत."

"मी कुठं त्याहीले इचारून राह्यली?"

ती वळली आणि बाजाराच्या रस्त्यानं निघाली. अंजूबाई आणि बाकीचे तिच्या मागं लागले. तिनं नेहमीप्रमाणं मागं पाहिलं नाही.

ओसरीत दोघेच उरले. वामनराव एका हातात टेप घेऊन उभे होते. लखीराम पायरीवर बसून चपलेचा अंगठा ओढत होता. गंगीचं गाठोडं दूर चाललं होतं, दुसऱ्याच्या डोक्यावर, रस्त्यावरच्या मोटारसायकलींमधून वर तरंगल्यासारखं.

"अरे, तुझं गाठोडं घेऊन चालली ती," वामनराव म्हणाले. "धाव ना."

"जाते, जाऊ द्या," लखीराम म्हणाला. त्यानं चप्पल नीट घातली आणि भिंतीला पाठ टेकली. ती वळणापाशी पोचली. तोवर दोघंही तिच्याकडं पाहत राहिले.