माझ्या मागची फळी
पंपातून पाणी गळू नये म्हणून बसवतात त्या सीलची नवी डबी उघडली आणि रबराचा तो उग्र वास आला, की मला आमच्या जुन्नरच्या मोटार-पंपाच्या दुकानातली एक सकाळ आठवते. सगळा माल मी नुकताच कॉम्प्युटरवर चढवला होता आणि त्याचा मला भारी तोरा होता. डिंगोऱ्याचा एक शेतकरी चिखलाच्या पायांनी दारात उभा राहिला. "भाऊ, मोटारीचं सील पायजे. बाया कांदा लावायला आल्यात अन् वाफ्यात पाणी न्हाई." मी नंबर टाकला, पडद्यावर शून्य आलं. "संपलंय," मी म्हणालो. "जरा उठून बघा की," तो म्हणाला. मी खुर्चीतून हललोसुद्धा नाही. "यात नाही म्हणजे दुकानात नाही," असं त्याला ऐकवलं. तो समोरच्या दुकानात गेला आणि थोड्याच वेळात त्या दुकानदारालाच घेऊन परत आला. त्या गृहस्थांनी दाराशी चपला काढल्या, माझ्या डोक्यावरून हात घालून मागच्या फळीवरची डबी उचलली आणि हळूच म्हणाले, "तुमच्याकडनं उसनं नेलं होतं, काल नवं आणून तुमच्या वडलांकडे दिलं." पेठेतली दुकानं एकमेकांचा माल असाच उसना नेतात, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो, कॉम्प्युटरला तेवढं सांगायचं राहिलं होतं. माझे कान तापले. शेतकरीच मला सावरायला म्हणाला, "असू द्या राव, मशीनला काय दिसतंय!" तो अजूनही येतो. आधी माझ्या मागच्या फळीवरून नजर फिरवतो आणि मगच मला विचारतो, "हाय का?"